मुंबई ते लंडन हवाई अंतराचा फलक : कामाच्या नोंदी

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि पहिल्याच आठवड्यात नववीतील एका विद्यार्थिनीने विचारले, "बाई, मुंबईपासून लंडन नक्की किती लांब आहे?" तिचा मोठा भाऊ सप्टेंबरमध्ये शिक्षणासाठी तिकडे गेला आहे. घरी वडिलांनी एक आकडा सांगितला, मोबाइलवर दुसरा दिसला आणि भावाने विमानातील पडद्यावर पाहिलेला आकडा त्या दोन्हींहून मोठा होता. त्यामुळे खरे कोणाचे, असा तिचा प्रश्न होता. मी तिला लगेच उत्तर दिले नाही. भूगोल कक्षासाठी सहा फूट बाय चार फुटांचा फलक करायचे मनात होतेच, त्यावर मुंबईहून निघणारी काही हवाई अंतरे दाखवायची आणि लंडन हे मुख्य उदाहरण ठेवायचे, असे आज ठरवले. असा फलक दुसऱ्या कोणी शिक्षकांनी करायला घेतला, तर त्यांचा वेळ वाचावा म्हणून या नोंदी ठेवते आहे.

पहिले मोजमाप भिंतीवरच्या जुन्या जागतिक नकाशावर केले. नकाशा मर्केटर प्रक्षेपणाचा (गोल पृथ्वी सपाट चौकटीत उतरवण्याच्या एका पद्धतीचा) आहे आणि विषुववृत्तावरील प्रमाण १ सेंटिमीटरला ४०० किलोमीटर असे छापलेले आहे. मुंबई ते लंडन पट्टीने २३.३ सेंटिमीटर भरले, म्हणजे ९,३२० किलोमीटर. मोबाइलवरचा कोणताही आकडा याच्या जवळपासही नव्हता. छापलेले प्रमाण फक्त विषुववृत्तापुरतेच खरे असते आणि लंडनच्या अक्षांशावर हा नकाशा प्रत्येक अंतर सुमारे १.६ पट ताणून दाखवतो, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. तरी पट्टी हातात घेतल्यावर ते माझ्या ध्यानात आले नाही. एक तास गेला, पण मुलींना हा फरक स्वतः मोजून दिसला, म्हणून ही नोंद खोडत नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजायचे ठरवले. शाळेतला गोल लहान आणि पोचे पडलेला होता, म्हणून ३० सेंटिमीटर व्यासाचा नवा गोल १,४५० रुपयांना आणला. त्याचा परीघ सुमारे ९४.२ सेंटिमीटर येतो. पृथ्वीचा परीघ ४०,०३० किलोमीटर धरला, तर १ सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर.

पहिल्यांदा घरातली लोकर वापरली आणि १६.४ सेंटिमीटर, म्हणजे ६,९७० किलोमीटर आले. चूक लोकरीची होती. गोलावर ती ताणलेली असते आणि पट्टीवर ठेवताना आखडते. मग शिवणयंत्राचा सुती दोरा घेऊन चार मुलींनी आळीपाळीने मोजले, तेव्हा १६.९ ते १७.२ सेंटिमीटर अशी मापे आली, म्हणजे सुमारे ७,१८० ते ७,३१० किलोमीटर. दोऱ्यात अर्धा मिलिमीटर चुकला, तरी वीस किलोमीटरचा फरक पडतो, त्यामुळे या पद्धतीकडून याहून अचूकतेची अपेक्षा करता येत नाही.

मापापेक्षा दोऱ्याचा मार्ग मात्र मुलींच्या जास्त लक्षात राहिला. एकीने मुंबईवर अंगठा दाबून धरला होता, दुसरीने लंडनवर. मधला दोरा नुसता सैल सोडून पुन्हा ताणला, की तो आपोआप वर सरकून एकाच जागी बसत असे. मुंबईहून वायव्येकडे निघून तो सौराष्ट्र आणि कच्छवरून जात होता, पुढे बलुचिस्तान, मग तेहरानच्या किंचित ईशान्येकडून कास्पियन समुद्राचा काठ, जॉर्जिया, क्रिमिया, मोल्दोव्हा, दक्षिण पोलंड आणि जर्मनी. लंडनच्या टोकाला तर तो अक्षांशवृत्ताला जवळजवळ समांतर होता. म्हणजे लंडनहून मुंबईकडे सर्वांत जवळच्या वाटेने निघायचे, तर आरंभी तोंड दक्षिणेकडे नव्हे, थेट पूर्वेकडे करावे लागते, आणि तेही मुंबई ३२ अंश दक्षिणेला असताना. हे पाठ्यपुस्तकातील बृहद्‌वृत्ताच्या (म्हणजे गोलावर काढता येणाऱ्या सर्वांत मोठ्या वर्तुळाच्या) व्याख्येवरून मुलींना कधी उमगले नसते.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आता गणिताने काढायचे. संगणक कक्षात एक्सेलची शीट उघडली. सूत्र असे वापरले : दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करायचा, त्यात दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतील फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार मिळवायचा, आलेल्या संख्येचा व्यस्त कोसाइन काढायचा आणि त्याला पृथ्वीच्या सरासरी त्रिज्येने, म्हणजे ६,३७१ ने, गुणायचे. मुंबई विमानतळासाठी १९.०८८७ आणि ७२.८६७९, लंडनच्या हीथ्रो विमानतळासाठी ५१.४७७५ आणि ०.४६१४ असे आकडे भरले.

उत्तर १०,७४५ किलोमीटर आले. दोऱ्याने मोजलेले नसते, तर हा आकडा आम्ही कदाचित मानलाही असता. दोन तास कंस तपासण्यात गेले, सूत्र तीनदा नव्याने लिहिले आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच. शेवटी लक्षात आले, की एक्सेल कोन अंशांत नव्हे, रेडियन या कोनाच्या दुसऱ्या एककात वाचते. प्रत्येक कोनाला रेडियन्स हे फंक्शन लावले आणि उत्तर ७,१४९ वर आले. दोऱ्याच्या मापांपेक्षा ते थोडे कमी होते, परंतु दोरा ढोबळ आणि सूत्र अचूक, असे म्हणून मी ते मान्य केले. हा निर्णय पुढे महागात पडला.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

दिल्लीची ओळ दोन गटांना वेगवेगळी भरायला दिली होती. एका गटाचे उत्तर १,१३८ आणि दुसऱ्याचे १,११५. फरक तेवीस किलोमीटरचा. दुसऱ्या गटाने २८ अंश ३४ मिनिटे हा अक्षांश २८.३४ असा भरला होता. एका अंशात साठ मिनिटे असतात, त्यामुळे ३४ मिनिटे म्हणजे ०.५७ अंश. ही चूक मोठ्या माणसांकडूनही होते आणि तिची अडचण अशी, की उत्तर हास्यास्पद येत नाही, फक्त थोडे चुकते. यापुढे प्रत्येक ओळ दोघींनी स्वतंत्रपणे भरायची, असा नियम केला.

शनिवार, २२ नोव्हेंबर

प्लायवूड आले (१,८५० रुपये). चित्रकलेच्या सरांनी चौकोन आखून मर्केटर नकाशा त्यावर उतरवला. गावातील पेंटरकाकांनी अक्षरे रंगवली, मजुरी ९०० रुपये. लंडनपुढे मोठ्या पांढऱ्या आकड्यांत ७,१४९ किमी.

रविवार, २३ नोव्हेंबर

आज न्यूयॉर्कची ओळ भरली आणि उत्तर आले २,३९८ किलोमीटर. मुली हसल्या, मला मात्र घाम फुटला, कारण चूक कशाची आहे हे पाहताक्षणीच कळले होते. न्यूयॉर्कचा रेखांश पश्चिम आहे, त्याला उणे चिन्ह हवे. ते न दिल्यामुळे शीटने न्यूयॉर्क किर्गिझस्तानात नेऊन ठेवले होते. उणे चिन्ह दिल्यावर १२,५३२ आले, ते योग्य आहे.

आता प्रश्न लंडनचा होता. हीथ्रोही ग्रीनिचच्या पश्चिमेला आहे, ०.४६ अंशच, पण पश्चिमेला. चिन्ह तिथेही राहिले होते. ते दिल्याबरोबर ७,१४९ चे ७,२१३ झाले. अर्ध्या अंशाहून लहान आकड्याच्या चिन्हाने चौसष्ट किलोमीटरचा फरक कसा पडला, हे मुलींना नऊ तारखेच्या गोलावर दाखवता आले. लंडनच्या टोकाला दोरा पूर्व-पश्चिम आहे, त्यामुळे रेखांशातली चूक पुरीच्या पुरी अंतरात उतरते. चूक उत्तर-दक्षिण असती, तर अंतर जवळपास बदललेही नसते. आणि सुती दोऱ्याने ७,१८० ते ७,३१० सांगितले होते, ते बरोबर होते. मी यंत्रावर विश्वास ठेवला आणि मुलींच्या हातांच्या मापाला ढोबळ म्हटले, याची मला मनापासून खंत वाटली आणि ती मी वर्गात बोलून दाखवली.

पेंटरकाका संध्याकाळी आले. झिरो नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून त्यांनी आकडे हळूहळू घासले. आधी १ आणि ४ पुसट झाले, मग खालचा निळा समुद्राचा रंगही निघाला आणि तेवढा चौकोन पुन्हा रंगवावा लागला. आणखी ३५० रुपये आणि दोन दिवस वाळवण्याचे. आकडा या वेळी खडूनेच लिहून ठेवला आहे.

शीटमध्ये आता सर्वांत वर दोन तपासणीच्या ओळी घातल्या आहेत आणि त्या आम्ही पहिल्याच दिवशी घालायला हव्या होत्या. पहिली, उत्तर ध्रुव ते विषुववृत्त : उत्तर १०,००८ किलोमीटर यायला हवे. (फ्रान्समध्ये मीटरची पहिली व्याख्याच ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग अशी केलेली होती, त्यामुळे हे अंतर दहा हजार किलोमीटरच्या आसपास येते, हे मुलींना लक्षात ठेवायलाही सोपे जाते.) दुसरी, विषुववृत्तावर १० अंश पश्चिम ते १० अंश पूर्व : उत्तर २,२२४ यायला हवे. पहिली ओळ रेडियनची चूक पकडते. दुसरी चिन्हाची चूक पकडते, कारण उणे विसरले तर उत्तर शून्य येते.

शनिवार, २९ नोव्हेंबर

फलकावर लाल रेशमी दोरा लावायचा होता. मुंबई आणि लंडन येथे बारीक चुका, म्हणजे छोटे खिळे, ठोकून सरळ दोरा ताणला. दिसायला सुरेख, पण मार्ग पूर्ण चुकीचा. सपाट मर्केटर नकाशावरची सरळ रेषा तुर्कस्तानच्या दक्षिण भागातून जाते, अदानाच्या परिसरातून. आणि गोलावरचा दोरा त्याच रेखांशावर क्रिमियाजवळ होता. दोन्हींमध्ये आठ अंश अक्षांशांचे, म्हणजे जवळजवळ नऊशे किलोमीटरचे अंतर पडते. लांब दिसणारा बाकदार मार्ग प्रत्यक्षात जवळचा असतो, हेच तर फलकावरून कळायला हवे होते.

सरांनी मुंबई केंद्रस्थानी ठेवून वेगळा नकाशा काढण्याचे सुचवले. तशा प्रक्षेपणात केंद्रापासून निघणारी प्रत्येक सरळ रेषा खरे अंतर दाखवते. परंतु त्यात खंडांचे आकार मुलांना अनोळखी दिसतात आणि प्रदर्शनाला तीन आठवडे राहिले होते. म्हणून नकाशा तोच ठेवून मधले बिंदू काढले आणि प्रत्येक ठिकाणी एक चूक ठोकली. ज्यांना हाच मार्ग आखायचा आहे त्यांच्यासाठी बिंदू देते, सर्व उत्तर अक्षांश आणि पूर्व रेखांश : २३.४ आणि ६८.८ (कच्छ), २९.५ आणि ६२.१, ३५.३ आणि ५४.५ (इराण), ३८.९ आणि ४८.९ (कास्पियनचा काठ), ४२.२ आणि ४२.७ (जॉर्जिया), ४५.१ आणि ३५.९, ४७.५ आणि २८.४ (मोल्दोव्हा), ४९.५ आणि २०.३, ५०.८ आणि ११.६ (जर्मनी). दोरा कमानीच्या आतल्या बाजूला सरकून निसटत होता, त्यामुळे चुका किंचित बाहेरच्या बाजूला तिरप्या ठोकाव्या लागल्या. त्यात अख्खी दुपार गेली.

शनिवार, ६ डिसेंबर

फलक पाहायला आलेल्या एका पालकांनी विचारले, की विमान खरोखर या लाल दोऱ्यावरून जाते का. जात नाही, आणि आजचा दिवस त्यामागची कारणे जमवण्यात गेला.

आमचा दोरा बलुचिस्तानवरून जातो. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने आपले हवाई क्षेत्र भारतीय विमानांना बंद केले आहे. पुढे काळ्या समुद्राच्या उत्तर बाजूला युक्रेनचे हवाई क्षेत्र २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. म्हणजे भारतीय कंपनीच्या विमानाला आज हा दोरा दोन ठिकाणी तोडावाच लागतो. मुंबईहून ते अरबी समुद्रावरून पश्चिमेकडे निघते आणि मग वर वळते. शिवाय उड्डाणाची आणि उतरण्याची दिशा वाऱ्यानुसार ठरते, हीथ्रोवर उतरण्यापूर्वी आकाशात घिरट्या घालाव्या लागू शकतात, आणि हे सर्व किलोमीटर विमानातील पडद्यावर मोजले जातात, आमच्या सूत्रात नाही. त्या मुलीच्या भावाने पाहिलेला मोठा आकडा असा खरा ठरतो.

लांबचा मार्ग कोणी मुद्दाम निवडतो का, यावर मुलींमध्ये बराच वाद झाला. त्यासाठी दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को ही ओळ भरली. आमच्या शीटप्रमाणे लघुतम अंतर १२,३८१ किलोमीटर येते. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने हे उड्डाण अटलांटिकऐवजी पॅसिफिक महासागरावरून नेले. तो मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरचा, आधीच्या मार्गापेक्षा जवळजवळ १,४०० किलोमीटरने लांब होता, तरी पाठीमागून वाहणाऱ्या पश्चिमी वाऱ्यामुळे विमान साडेचौदा तासांत पोहोचले. विमानाच्या दृष्टीने हवेतून कापलेले अंतर महत्त्वाचे असते, आणि हवा स्वतःच पुढे जात असेल तर जमिनीवरचे जास्तीचे किलोमीटर भरून निघतात. मुंबईहून लंडनला जाताना येण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, तोही याच वाऱ्यांमुळे.

जुन्या मार्गाचाही हिशोब केला. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा असे थांबे घेत लंडनला गेले होते. आजच्या विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन तीन टप्पे मोजले, तर ४,३४१, २,८२४ आणि ७५५, एकूण ७,९२० किलोमीटर होतात. थेट अंतरापेक्षा ७०७ किलोमीटर जास्त. हा मार्ग फलकावर पिवळ्या दोऱ्याने दाखवला आहे आणि लहान वर्गातील मुले लाल दोऱ्यापेक्षा याच्यापुढे जास्त वेळ उभी राहतात, कारण त्यात थांबे आहेत.

शनिवार, १३ डिसेंबर

खडूने लिहिलेला आकडा आज पक्का करायचा होता. मुख्याध्यापिका बाईंनी विचारले, "७,२१३ लिहायला हरकत काय?" हरकत दोन कारणांनी होती. सूत्र पृथ्वीला पूर्ण गोल मानते; प्रत्यक्षात विषुववृत्तावर त्रिज्या ६,३७८ आणि ध्रुवाकडे ६,३५७ किलोमीटर आहे, त्यामुळे अशा उत्तरात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो आणि शेवटच्या अंकाला अर्थ राहत नाही. दुसरे कारण टोकांचे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून लंडनमधील चेरिंग क्रॉसपर्यंत मोजले तर ७,२०० येतात. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळापासून मोजले, तर हीथ्रोपर्यंतचे अंतर सुमारे वीस किलोमीटरने वाढते. त्यामुळे "मुंबई ते लंडन" एवढेच लिहून आकडा देणे अपुरे आहे, असे मी आग्रहाने सांगितले आणि बाईंनी ते मान्य केले.

एककांवरूनही एक घोटाळा आजच सापडला. एका मुलीने ३,८९५ मैल हा आकडा आणला होता आणि त्याला १.६ ने गुणून ६,२३२ किलोमीटर काढले होते. ते सागरी मैल होते. विमानवाहतुकीत सागरी मैल वापरतात आणि एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो. साध्या मैलांत हेच अंतर ४,४८२ भरते. फलकावर फक्त किलोमीटर ठेवले आहेत.

महाराष्ट्रातली एक ओळ हवी म्हणून मुंबई ते नागपूर घेतली. विमानतळ ते विमानतळ ६८३ किलोमीटर. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, तो मुंबईबाहेर आमणे येथे संपतो, आणि रेल्वेने हे अंतर सुमारे ८३७ किलोमीटर पडते. महामार्ग हवाई रेषेच्या इतका जवळ आला आहे, हे पाहून मुलांपेक्षा पालकच जास्त चकित होतात.

शनिवार, २० डिसेंबर

प्रदर्शन काल झाले. एकूण खर्च ४,७७० रुपये : गोल १,४५०, प्लायवूड १,८५०, रंगकाम ९००, चुकीचे आकडे पुसून पुन्हा रंगवणे ३५०, खिळे आणि दोरे २२०. सुट्टीचे आठ दिवस लागले, त्यांतील दोन पूर्णपणे चुका शोधण्यात आणि दुरुस्तीत गेले.

फलकावर लंडनसमोर आता तीन ओळी आहेत. पहिली : "मुंबई विमानतळ ते हीथ्रो विमानतळ, पृथ्वीच्या पृष्ठभागावरून लघुतम अंतर, सुमारे ७,२१० किमी." दुसरी : "१९४८ चा मार्ग, कैरो आणि जिनिव्हामार्गे, सुमारे ७,९२० किमी." तिसरीत "विमानाने प्रत्यक्ष कापलेले अंतर" एवढे रंगवून पुढची जागा कोरी ठेवली आहे. त्या मुलीचा भाऊ उन्हाळ्यात घरी येणार आहे. उड्डाणाची तारीख, विमान कोणत्या देशांवरून आले आणि उतरताना एकूण किती किलोमीटर झाले, या तीन गोष्टी लिहून आणायला तिने त्याला कळवले आहे. तोवर त्या जागेवर खडू आणि कापडाचा तुकडा टांगून ठेवला आहे.